सायंकाळी सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३,००० लोकवस्तीचे, शेती व साखर कारखान्यातील रोजगार यांवर जगणारे गाव. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस, तेथील गावकऱ्यांच्या सभेत एक निर्णय झाला. दररोज सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा, तो वाजताच प्रत्येक घराने दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद करावेत, आणि ८.३० पर्यंत ते बंदच राहावेत. दुसऱ्याच दिवसापासून अंमलबजावणी सुरू झाली. या निर्णयाचे वृत्त देशाबाहेरही पोहोचले. परंतु हा निर्णय गावाने कोणत्या रीतीने घेतला, हा भाग ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ मोबाइलवर येऊ लागले. तोपर्यंत वडिलांच्या खिशात असणारी वस्तू पाटीपुस्तकाच्या जागी मुलाच्या हाती आली. ती मुलाने मागून घेतली नव्हती. शाळेनेच ती घ्यावयास सांगितली होती. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल परत खिशात गेला नाही. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून मोबाइल किंवा दूरचित्रवाणीपुढे बसते, असा अनुभव वडगावातही येऊ लागला.

घरातील मोठ्यांपासून आरंभ

हा विचार गावात प्रथम मांडला गेला, तेव्हा पुरुषमंडळींनी त्याची थट्टा केली. तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांच्या नेतृत्वाखालील पंचायतीने मग गावातील महिलांना एकत्र केले. आपलाही वेळ मालिका पाहण्यात फार जातो, हे महिलांनी मोकळेपणाने मान्य केले आणि बंदची वेळ साऱ्या गावाने पाळावी, अशी तयारी दर्शविली. त्यानंतर पुन्हा सभा होऊन भोंगा बसविण्याचे ठरले. तरीही आरंभीच्या दिवसांत पंचायतीचे कर्मचारी व स्वयंसेवक यांना गल्लोगल्ली फिरून लोकांना आठवण द्यावी लागली. नुसता ठराव वहीत लिहून भागत नाही, हे पंचायतीचा कारभार पाहणाऱ्यांस सांगावयास नको!

या योजनेचे मर्म असे की, नियम केवळ मुलांपुरता नव्हता. एकाच खोलीत वडील समाजमाध्यमे पाहात बसले असता मुलाने भूगोलाचे पुस्तक उघडावे, ही अपेक्षा व्यर्थ होय. शिवाय एकट्या घराने पाळलेली शिस्त शेजारच्या भिंतीतून येणाऱ्या मालिकेच्या आवाजाने मोडते. भोंगा सर्वांसाठी वाजला म्हणजे आईला रोज मुलाशी वाद घालावा लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. असा विषय प्रथम तेथे मांडणे इष्ट.

बंदीचा मार्ग

याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा निर्णय घेतला. त्यामागील काळजी खरी होती. तथापि संपूर्ण बंदीपेक्षा ठरावीक वेळेचे बंधन टिकण्याचा संभव अधिक, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, निकाल ही सारी कामे आज मोबाइलवर होतात. आणि घरात मोबाइल एकच असेल, तर बंदीचा पहिला भार मुलीवर पडतो. 'असर' या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालानुसार, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी ३६.२ टक्के मुलांकडे, तर २६.९ टक्केच मुलींकडे स्वतःचा फोन होता.

त्याच अहवालातील आणखी एक नोंद शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात त्याचा शिक्षणासाठी उपयोग केला होता; समाजमाध्यमांसाठी करणारे ७६ टक्के होते. त्रास देणाऱ्या व्यक्तीचे खाते रोखावे कसे, हे समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांनाच ठाऊक होते. वर्गातील एक तासिका याकरिता दिली तरी ती वाया जाणार नाही.

लहान बालकांबाबत मात्र सवलतीला फारसा वाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षापर्यंतच्या बालकास पडद्यासमोर बसवू नये, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तासाची. त्याहूनही कमी असल्यास उत्तम. घास भरविताना मोबाइल समोर धरण्याची पद्धत आता खेड्यांतही दिसते. अंगणवाडी सेविकांनी मातापालकांच्या बैठकीत हा विषय काढावा. आजीलाही बोलवावे, कारण पुष्कळदा मोबाइल तिच्याच हातून नातवाला मिळतो.

तक्रार कोठे करावी

संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यासही त्यात मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

मुलाने एखादा धमकीचा वा लज्जास्पद संदेश आल्याचे सांगितले, तर प्रथम त्याच्यावर रागावू नये. फोन काढून घेतला जाईल या भीतीनेच मुले अशा गोष्टी लपवितात. संदेश पुसून न टाकता जपून ठेवावा, कारण तपासात तोच पुरावा ठरतो, आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. पैशांची फसवणूक झाली असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर, मुलांना वाचता येतील अशा उंचीवर लिहावेत.