मतदानाच्या खोलीची राखण

निवडणुकीच्या आदल्या दिवशी गावच्या शाळेपुढे एसटी थांबते. चार-पाच माणसे उतरतात. त्यांच्याजवळ मतदानाची यंत्रे आणि कागदांच्या पिशव्या असतात. त्यांत कोणी शिक्षक असतो, कोणी कचेरीतला कारकून. सोबत पोलीस असतो. त्यांच्यातल्या मुख्य माणसाला केंद्राध्यक्ष म्हणतात. गावात त्यांची कोणाशी ओळख नसते. पण उद्या साऱ्या गावाची मते त्यांच्या हाती असतात.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात 7 मे 2024 रोजी लोकसभेचे आणि 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले. तेव्हा उमरग्यापासून परंड्यापर्यंत गावोगावी अशीच माणसे बसली होती. मतदानाच्या कामापुरती ती निवडणूक आयोगाच्या हाताखाली असतात. त्या दिवशी पुढाऱ्याचा हुकूम त्यांच्यावर चालत नाही.

हा कायदा जुना आहे. 1948 पर्यंत आपल्याकडे निजामाचे राज्य होते. पुढे 1951 साली लोकप्रतिनिधित्व कायदा झाला, आणि मग देशात पहिली निवडणूक झाली. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. दर उमेदवाराची पेटी निराळी असे. पेटीवर त्याचे चिन्ह असे. लिहिता-वाचता न येणारा माणूसही चिन्ह पाहून मत टाकी.

पण पेटी आली तशी पेटी पळवणारेही आले. बिहारात तर दांडगाई करून अख्खे मतदान केंद्रच ताब्यात घेत. म्हणून 1989 साली कायद्यात नवे कलम घातले. ते कलम 135-अ. केंद्र बळकावणे, कर्मचाऱ्यांकडून यंत्र हिसकावणे, फक्त आपल्याच माणसांना आत सोडणे, हे सारे गुन्हे झाले. शिक्षा किती? कमीत कमी एक वर्ष कैद, जास्तीत जास्त तीन वर्षे, शिवाय दंड. गुन्हेगार सरकारी नोकर असला तर तीन ते पाच वर्षे. शिक्षा झालेल्याला सुटल्यानंतरही सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. आम्हांला तीच गावासाठी सर्वांत मोलाची वाटते. मतदाराला धमकी देऊन केंद्रावर जाऊ न देणे, हेही केंद्र बळकावणेच आहे! यंत्र फोडायला दहा माणसे लागतात. पण “उद्या तुमच्या वस्तीतलं कोणी बाहेर पडायचं नाही,” असा निरोप द्यायला एक माणूस पुरतो. असा निरोप आला तर पोलिसांना कळवा. हा गुन्हा दखलपात्र आहे. कोर्टाच्या हुकमाची वाट न पाहता पोलीस तपास करू शकतात.

खोलीत कोणी दंगा केला तर केंद्राध्यक्ष त्याला बाहेर काढू शकतात. मात्र या निमित्ताने कोणाचे मत बुडवता येत नाही. कामावरच्या माणसावर हात टाकला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा कर्मचाऱ्यालाही बांधतो. कोणी कोणाला मत दिले हे त्याने फोडले तर त्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता भांडण कुठे होते ते पाहू. तुम्ही रांगेतून आत गेलात आणि कळले, की तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले. राग येणारच. पण समोरच्या बाईंवर ओरडू नका, आणि तसेच परतही जाऊ नका. “मला प्रदत्त मत द्यायचं आहे,” असे केंद्राध्यक्षांना सांगा. ओळख पटली की ते तुम्हांला कागदी मतपत्रिका देतात. ती पाकिटात वेगळी ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण पुढे कोर्टात वाद गेला तर ती पुरावा म्हणून हाती असते.

संध्याकाळी यंत्र बंद होते. किती मते पडली हे केंद्राध्यक्ष नमुना 17-क या कागदावर लिहितात. त्याची सहीची नक्कल उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. गावचा कोणी प्रतिनिधी बसला असेल तर त्याने ती घेतल्याशिवाय उठू नये. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्या नकलेशी ताडून पाहता येतो.