खोल भोक आणि बदलते टप्पे

आमचा धंदा कापडाचा. पण पूर्णगडहून आयटीआय करून वर्कशॉपात गेलेली आमची मुले सुटीत घरी येतात, तेव्हा एकच तक्रार करतात : खोल भोक पाडताना ड्रिल तुटते, जॉब वाया जातो आणि बोलणी खावी लागतात. त्यांच्याकडूनच समजून घेऊन सीएनसी लेथचा हा धडा आम्ही देत आहोत.

भोक जसजसे खोल जाते, तसतशी चिप बाहेर येणे अवघड होते आणि कूलंट टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून ड्रिल थोडे आत घालून पुन्हा बाहेर काढतात. यालाच पेक ड्रिलिंग म्हणतात. वरच्या भागात चिप सहज निघते, तिथे टप्पा मोठा चालतो. तळाशी लहान हवा.

समजा, माइल्ड स्टीलमध्ये १० मिमी ड्रिलने ८० मिमी खोल भोक पाडायचे आहे. ५ मिमीचे सारखे टप्पे घेतले तर १६ फेऱ्या होतात. हास कंट्रोलवर जी ८३ मध्ये आय ३०, जे १०, के ५ लिहा. पहिला टप्पा ३०, दर वेळी १० ने कमी, पण ५ च्या खाली नाही. म्हणजे ३०, २०, १० आणि मग ५ चे चार. फेऱ्या ७ च!

फानुकच्या जी ७४ मध्ये टप्पा सारखाच राहतो, ड्रिलही थोडेच मागे सरते. तिथे प्रत्येक टप्प्याच्या ओळी वेगळ्या लिहाव्यात किंवा मॅक्रो वापरावा. मशीन बदलले की अक्षरांचा अर्थही बदलतो, म्हणून आधी मॅन्युअल वाचा. वाचलेला वेळ आणि न तुटलेले ड्रिल, हीच कारागिराची बरकत.