पंखाभोवतीची हवा आणि प्रतिमानाची निवड

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत विमानाच्या पंखाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याला कारण आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षासाठी त्याने लहानसे मानवरहित विमान बनवले होते. संगणकावरील गणितानुसार ते संथ वेगातही सहज तरंगायला हवे होते. मैदानात मात्र वेग कमी करताच ते खाली बसू लागले. तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, “सर, गणित बरोबर आहे. म्हणजे माझ्याच हातात दोष आहे. हे क्षेत्र आपल्यासारख्यांचे नव्हे.” त्याच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच. त्यामुळे त्याचे शेवटचे वाक्य मला विमान पडण्यापेक्षा अधिक गंभीर वाटले. त्याच्याबरोबर बसून मी जे शिकलो, ते येथे मांडतो.

उदबत्तीचा धूर पाहा. आरंभी तो सरळ, एकसंध रेषेत वर जातो. काही अंतरावर ती रेषा थरथरते आणि मग भोवऱ्यांत विखुरते. पहिला प्रवाह स्तरीय, दुसरा संक्षुब्ध. १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून हेच स्थित्यंतर अभ्यासले. ते समजून घेण्यासाठी वापरला जाणारा अंक आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रवाहाचा वेग गुणिले वस्तूची लांबी, भागिले द्रवाची अथवा वायूची गतिक विष्यंदिता, असे हे साधे गणित आहे. अंक मोठा असेल तर प्रवाहाच्या जडत्वाचा प्रभाव अधिक. तो जसा लहान होत जातो, तसा चिकटपणाचा प्रभाव वाढतो.

कळंबोलीपासून जवळच, उलव्याला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी ४ मीटर व वेग सेकंदाला ७० मीटर धरला, तर रेनॉल्ड्स अंक पावणेदोन कोटींच्या वर जातो. आपल्या विद्यार्थ्याच्या विमानाच्या पंखाची रुंदी १२ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला १० मीटर; अंक आला केवळ ८० हजार. आपल्याच नवी मुंबईत, महापे येथे, आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली आयडियाफोर्ज ही कंपनी ड्रोन बनवते. अशा लहान यंत्रांचे पंख आणि पाती प्रवासी विमानांच्या मानाने फारच कमी रेनॉल्ड्स अंकांवर काम करतात.

या टापूत हवा वेगळी वागते. पंखाला लगटून वाहणाऱ्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. ही कल्पना लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडली. पंखाच्या पाठीवर पुढच्या भागात दाब कमी असतो आणि मागे जाताना तो वाढतो, म्हणजे हवेला जणू चढ चढावा लागतो. स्तरीय सीमास्तरात पृष्ठभागालगतची हवा मंद असते. तिला हा चढ झेपत नाही आणि ती पंखापासून सुटते. सुटलेला थर अस्थिर होऊन संक्षुब्ध बनतो. मग वरची वेगवान हवा खाली मिसळते आणि प्रवाह पुन्हा पंखाला चिकटतो. मध्ये जो बंदिस्त कप्पा उरतो, त्याला विलगनाचा बुडबुडा म्हणतात. तो रोध वाढवतो. अंक साधारण ५० हजारांच्या खाली गेला, तर अनेक पंखांवर प्रवाह पुन्हा चिकटतच नाही आणि पंखाची उचल ढासळते.

आता गणिताकडे येऊ. संक्षुब्ध प्रवाहातील लहानमोठा प्रत्येक भोवरा मोजणे अतिशय खर्चिक असते. म्हणून १८९५ मध्ये रेनॉल्ड्स यांनीच प्रवाहाची सरासरी घेण्याची रीत दिली. सरासरी घेतली की समीकरणांत काही अज्ञात पदे उरतात. ती भरून काढण्यासाठी जे गृहीतक वापरतात, तेच प्रतिमान, अर्थात टर्ब्युलन्स मॉडेल. १९९२ चे स्पालार्ट व अल्मारास यांचे प्रतिमान आणि १९९४ चे फ्लोरियन मेंटर यांचे के-ओमेगा एसएसटी ही विमानशास्त्रातील दोन विश्वासू साधने. मात्र नेहमीच्या वापरात ती सीमास्तर जवळजवळ आरंभापासूनच संक्षुब्ध आहे असे धरून चालतात. मोठ्या विमानाला हे बहुतांशी लागू पडते. ८० हजारांवर मात्र बुडबुड्याचा मागमूसही चित्रात उमटत नाही. माझ्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते.

येथे मला माझा विषय आठवला. जुने महसुली दप्तर सारावसुलीसाठी लिहिलेले असते. त्यात शेताचा आकार सापडतो. त्या शेतात राबणाऱ्या बाईचे नाव बहुधा सापडत नाही. म्हणून ती बाई नव्हतीच, असे कोणी म्हणू नये. दप्तर खोटे नसते. ते वेगळ्या प्रश्नासाठी लिहिलेले असते. प्रतिमानाचेही तसेच आहे.

मग निवड कशी करावी? प्रथम रेनॉल्ड्स अंक काढावा. तो कोटीच्या घरात असेल, तर वरील दोन प्रतिमाने बहुधा पुरेशी ठरतात. सुमारे ५० हजार ते ५ लाख या पट्ट्यात स्तरीय ते संक्षुब्ध हे संक्रमण ओळखणारे साधन हवे. मार्क ड्रेला यांची एक्सफॉइल ही विनामूल्य प्रणाली साध्या संगणकावरही अल्पावधीत पहिला अंदाज देते. पंखाचा कोन फार वाढून प्रवाह पूर्ण सुटला, की मात्र तिच्यावर विसंबू नये. पुढचे पाऊल म्हणजे लँगट्री व मेंटर यांचे संक्रमण-प्रतिमान. त्यासाठी पृष्ठभागालगत जाळी अतिशय बारीक असावी लागते आणि येणाऱ्या हवेत मुळातच किती क्षोभ आहे, हे प्रामाणिकपणे भरावे लागते. तो आकडा बदलला की बुडबुड्याची लांबी बदलते. प्रवाह सुटूनच राहत असेल, तर मोठे भोवरे थेट मोजणारी लार्ज एडी पद्धत अधिक विश्वासार्ह. पण ती त्रिमितीत चालवावी लागते आणि तिला संगणकबळ फार लागते.

सर्वांत महत्त्वाची पायरी पडताळणीची. १९८८ मध्ये नासाच्या लँगली केंद्राने एप्लर ३८७ या पंखछेदाची ६० हजार ते ४ लाख ६० हजार अंकांवरील मापने प्रसिद्ध केली. आपले साधन आधी या ज्ञात पंखावर चालवावे; तेथे उत्तर जुळले, तरच स्वतःच्या पंखाकडे वळावे. ओपनफोम ही मुक्त प्रणाली यासाठी कोणालाही वापरता येते आणि पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प तिच्या प्रसारासाठी काम करतो. ज्ञानाच्या या दाराला प्रवेशशुल्क नाही, हे आपल्या पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

विद्यार्थ्याने याच क्रमाने पुन्हा गणित केले. बुडबुडा दिसला, रोधाचा आकडा वाढला आणि विमान मैदानात जे सांगत होते, त्याच्या जवळ उत्तर आले. १९१४ मध्ये प्रांट्ल यांनी गोलावर बारीक तारेचे कडे बसवून सीमास्तर मुद्दाम संक्षुब्ध केला होता आणि गोलाचा रोध घटवला होता. त्याच तत्त्वाने या मुलाने पंखाच्या पाठीवर, बुडबुड्याच्या अलीकडे, चिकटपट्टीची बारीक पट्टी लावली. विमान पूर्वीपेक्षा संथ वेगातही टिकू लागले.

दोष त्याच्या हातात नव्हता, जातकुळीत तर नव्हताच. चूक होती ती एका गृहीतकाची, आणि गृहीतक तपासता येते. आपल्या वसतिगृहात आज अभ्यासाला बसलेल्या प्रत्येक मुलामुलीने एवढे मनाशी बाळगावे: उत्तर आणि अनुभव यांचा मेळ बसला नाही, तर स्वतःला कमी लेखण्यापूर्वी ते उत्तर कोणत्या गृहीतकावर उभे आहे, हे विचारावे.