सात गड्यांचा डाव

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर पिंपळगाव बसवंत हे गाव वसले आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांच्या बाजारपेठेमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. अशा गावात कबड्डीचे मैदान तयार करावयास फारसे काही लागत नाही. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा, खडे वेचून व पाणी मारून दाबलेली माती, आणि फक्कीने आखलेल्या रेषा एवढे पुरते. मुलामुलींसाठी मैदान याहूनही लहान असते. चेंडू नको, फळी नको, जाळी नको. दोन्ही बाजूंना सात सात गडी उभे राहिले की डाव सुरू होतो.

मोठ्या शहरात शेकडो खेळाडू असतात, व्यायामशाळा असतात, नामांकित शिक्षक असतात. लहान गावात यातले थोडेच असते. तरीही मैदानाच्या रेषेच्या आत शहराचे सात आणि गावाचेही सातच. बाहेर शंभर जण उभे असले, तरी आठवा गडी मदतीला येऊ शकत नाही. म्हणून लहान गावाने मनावर घेतले, तर ते मोठ्या शहराला हरवू शकते. परंतु हे घडण्यासाठी दोन्ही संघांना एकच नियम मान्य असावा लागतो. तो नियम कसा घडतो, हे समजून घेण्यासाठी प्रथम एका दूरच्या देशाकडे वळले पाहिजे.

युरोपच्या वायव्येस स्कॉटलंड नावाचा छोटा देश आहे. सन २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एकसष्ट लाख भरली. त्याच वर्षी सबंध स्कॉटलंडची लोकसंख्या त्रेपन्न लाखांच्या आसपास होती. त्या देशाच्या दक्षिण सीमेजवळ, ट्वीड नदीच्या काठी मेलरोझ हे गाव आहे. ते पिंपळगावापेक्षा कितीतरी लहान आहे. या भागातील लोकांना रग्बी या खेळाचे वेड आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावावयाचे, तो आपल्या गड्याकडे टाकावयाचा, आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीस टेकवावयाचा, असा हा खेळ आहे. हाताने चेंडू पुढे फेकण्यास मात्र मनाई आहे. तो बाजूस किंवा मागेच टाकावा लागतो. प्रतिपक्षाचे गडी धावणाऱ्याला कमरेत मिठी घालून खाली पाडतात. कबड्डीतील पकडीची आठवण करून देणाराच हा प्रकार होय.

रग्बीत एका बाजूस पंधरा गडी असतात. सन १८८३ मध्ये मेलरोझच्या क्रीडासंघाला पैशांची चणचण भासू लागली. तेव्हा गावात खेळांचा मेळावा भरवून पैसा उभा करावा, अशी कल्पना निघाली. त्या संघात नेड हेग नावाचा एक खेळाडू होता. तो मांसविक्रीच्या दुकानात काम करीत असे. मेळाव्यात रग्बीचे सामने ठेवावेत असे त्याला वाटले. परंतु पंधरा पंधरा गड्यांचे अनेक सामने एका दुपारी उरकणे शक्य नव्हते. तेव्हा प्रत्येक संघात सातच गडी घ्यावेत आणि सामन्याची वेळही कमी करावी, असा मार्ग काढण्यात आला. गावातील स्त्रियांनी विजयी संघासाठी चषक दिला. २८ एप्रिल १८८३ या दिवशी आसपासच्या गावांचे संघ मेलरोझला जमले, आणि सात गड्यांच्या रग्बीचा जन्म झाला.

त्या पहिल्याच स्पर्धेत एक वाद उद्भवला. अंतिम सामना मेलरोझ आणि शेजारच्या गॅलाशील्स येथील गाला या संघांत झाला. वेळ संपली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. मग जादा वेळ खेळावे असे ठरले. ती वेळ संपण्यापूर्वीच मेलरोझच्या गड्यांनी चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळविला, आणि आपण जिंकलो असे म्हणत ते मैदानाबाहेर निघून गेले. ठरलेली वेळ पूर्ण व्हावयास हवी होती, असे गालाच्या खेळाडूंचे म्हणणे पडले. चषक मेलरोझलाच मिळाला. पण तक्रार राहिलीच. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या परीने योग्य होते. जादा वेळेत पहिला गुण मिळताच सामना संपतो की नाही, हे कोणी आधी ठरविलेच नव्हते. दोष खेळाडूंच्या ताकदीत नव्हता. नियमात उणीव होती.

पुढे नियम पक्के झाले आणि सात गड्यांची रग्बी त्या प्रदेशात झपाट्याने पसरली. हॉइक, केल्सो, सेल्कर्क, जेडबर्ग, लँगहोम अशा लहान लहान गावांत दरवर्षी स्पर्धा भरू लागल्या. आजही या गावांच्या स्पर्धांमधील गुणांची बेरीज करून वर्षातील सर्वश्रेष्ठ संघ ठरविला जातो. प्रत्येक गावाला दुसऱ्या गावाच्या मैदानावर जावे लागते, आणि आपल्या मैदानावर इतरांचे स्वागत करावे लागते. सन १९९३ मध्ये या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरो येथे झाली. तिच्या चषकाला मेलरोझचेच नाव देण्यात आले.

आता पुन्हा महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे कबड्डीला पूर्वी हुतूतू म्हणत. दक्षिणेत तमिळ प्रदेशात तो चेडुगुडु होता, बंगालमध्ये हाडुडु होता. नावे वेगळी होती, तसे नियमही वेगळे होते. ‘संजीवनी’ या प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. ‘गामिनी’ प्रकारात एकदा बाद झालेल्या गड्याला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसावे लागे. ‘अमर’ प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नसे; केवळ गुण मोजले जात. गड्यांची संख्या कोठे सात, कोठे नऊ, तर कोठे अकरा असे. आपल्या गावात खेळताना यामुळे काही अडत नसे. दुसऱ्या गावाचा संघ आला की मात्र खेळापेक्षा तंटाच अधिक रंगे. एका गावाचा जिवंत गडी दुसऱ्या गावाच्या हिशेबाने बाद ठरे!

ही अडचण ओळखून विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील क्रीडाप्रेमी कामाला लागले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हुतूतूच्या नियमांना शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. सन १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने मोठी स्पर्धा भरविली. सन १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिम्पिक सामने झाले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. सन १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडासामन्यांत या खेळाचा समावेश झाला. सन १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. सन १९५२ मध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रासला, आणि १९५५ मध्ये स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कलकत्त्यास झाली. महाराष्ट्रात या खेळाच्या संघटनेसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात ‘कबड्डी दिन’ म्हणून साजरा केला जातो.

हे ऐक्य फुकट साधलेले नाही. प्रत्येक प्रांताला आपले काहीतरी सोडावे लागले. महाराष्ट्रातील गड्यांच्या ओठी पिढ्यान्‌पिढ्या ‘हुतूतू’ हा घोष होता. तो टाकून ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणण्याची सवय त्यांनी लावून घेतली. कोणी आपली गड्यांची संख्या सोडली, कोणी आपल्या मैदानाचा आकार सोडला. आपलीच रीत खरी असा हट्ट प्रत्येकाने धरला असता, तर निफाडचा संघ निफाडातच खेळत राहिला असता आणि मदुरेचा मदुरेतच.

सर्वमान्य झालेल्या नियमांत संजीवनीचे तत्त्व टिकले, ही मोठी सुदैवाची गोष्ट होय. चढाई करणारा गडी ‘कबड्डी, कबड्डी’ असा उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. तीस सेकंदांच्या आत, दम न सोडता, त्याला परत यावे लागते. जितक्या गड्यांना स्पर्श करून तो सुखरूप परतेल, तितके गडी बाद होतात आणि तितके गुण त्याच्या संघाला मिळतात. त्याची पकड झाली तर तोच बाद होतो. मात्र आपल्या संघाने गुण मिळविला की बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने आत येतात. सगळे सात गडी बाद झाले तर प्रतिपक्षाला लोणाचे दोन जादा गुण मिळतात, आणि सातही जण पुन्हा मैदानात उतरतात. एकटा उरलेला गडी चढाईला निघतो, तेव्हा बाहेर बसलेल्या सहा जणांचे प्राण त्याच्या दमावर अवलंबून असतात. त्याने एक गडी टिपला, तर एक सोबती परत येतो. पकड करतानाही एकट्याचे बळ पुरत नाही. एकाने पाय धरावा, दुसऱ्याने कंबर आवळावी, इतरांनी मध्यरेषेकडील वाट अडवावी, तेव्हाच धिप्पाड चढाईपटू अडतो. सातांपैकी एक जण गाफील राहिला की साखळी तुटते.

एका नियमामुळे स्पर्धांची शिडी उभी राहिली. शाळेचा संघ प्रथम तालुक्यात खेळतो. तेथे जिंकला तर जिल्ह्यात जातो. नाशिक जिल्ह्यात असे पंधरा तालुके आहेत. त्यापुढे विभाग, मग राज्य आणि नंतर राष्ट्र. पिंपळगावच्या मैदानावर शिकलेला डाव मुंबईतही तसाच चालतो आणि परदेशातही.

परदेशात तो कसा चालतो, हे भारताने दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. सन १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्णपदक प्रत्येक वेळी भारतानेच जिंकले. मग २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने भारताच्या पुरुषसंघाला उपांत्य सामन्यात हरविले. स्त्रियांच्या अंतिम सामन्यातही इराणचाच संघ सरस ठरला. ज्या देशात खेळ जन्मला, त्या देशाला दुसऱ्याने त्याच खेळात नमविले! भारतीयांना दुःख झाले; पण नियम बदला असे म्हणता येण्याजोगे काही नव्हते. मायभूमी म्हणून एक गुणही अधिक मिळत नाही. सराव वाढविणे एवढाच मार्ग उरला. सन २०२३ मध्ये हांगझो येथे भारताच्या पुरुष आणि स्त्री अशा दोन्ही संघांनी सुवर्णपदके परत मिळविली. स्त्रियांचा अंतिम सामना अवघ्या एका गुणाने, २६ विरुद्ध २५ असा जिंकला गेला.

रग्बीतही असेच घडले आहे. सात गड्यांची रग्बी २०१६ मध्ये रिओ येथील ऑलिम्पिक सामन्यांत प्रथम खेळली गेली. फिजी हा पॅसिफिक महासागरातील चिमुकल्या बेटांचा देश आहे. त्याची लोकसंख्या दहा लाखांहून कमी आहे. या देशाने पुरुषांच्या अंतिम सामन्यात बलाढ्य ग्रेट ब्रिटनचा ४३ विरुद्ध ७ असा पराभव केला. फिजीला मिळालेले ते पहिलेच ऑलिम्पिक पदक होय. आणि सन २०२५ च्या जून महिन्यात मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सात गड्यांच्या रग्बीची सहा संघांची स्पर्धा रंगली. मेलरोझच्या मेळाव्यात निघालेली युक्ती अशा रीतीने महाराष्ट्राच्या भूमीवर येऊन पोहोचली.

मेलरोझचे गडी आणि निफाडचे गडी एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची भाषा, हवा, माती सारेच निराळे आहे. दोघांनीही एक गोष्ट मात्र सारखीच जाणली आहे. डाव मांडण्यापूर्वी नियम ठरवावा, तो सर्वांना सारखा असावा, आणि एकदा मान्य केला की आपल्याविरुद्ध गेला तरी पाळावा. असा नियम असेल, तर लहान गावातील सात जणांना कोणासमोरही उभे राहण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

स्वाध्याय

१. मेलरोझच्या मेळाव्यात संघातील गड्यांची संख्या कमी का करण्यात आली?
२. मेलरोझ आणि गाला या संघांतील वादाचे मूळ कशात होते? तुमच्या मते चषक कोणाला मिळावयास हवा होता? कारणे द्या.
३. संजीवनी, गामिनी व अमर या प्रकारांतील फरक सांगा.
४. ‘हे ऐक्य फुकट साधलेले नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील शब्द व वाक्प्रचार वाक्यांत वापरा : चणचण भासणे, हट्ट धरणे, गाफील राहणे, सुखरूप, सर्वमान्य.
६. तुमच्या गावात खेळल्या जाणाऱ्या एखाद्या देशी खेळाचे नियम वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. शेजारच्या गावात ते कोणत्या बाबतीत वेगळे आहेत, याची चौकशी करा.