कार्ब्युरेटर : आधी सफाई, मग स्क्रू

आठवडी बाजारात कापडाचे गठ्ठे नेणाऱ्याची शंभर सीसीची मोटारसायकल म्हणजे चालते दुकानच. ती रेस सोडताच बंद पडू लागली, की आपण पेचकस घेऊन थेट कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवू लागतो. आम्हीही एकदा हेच केले. स्क्रूची मूळ जागा हरवली, गाडी पेट्रोल प्यायला लागली आणि दोष निघाला भलताच : खालच्या वाटीत गाळ साचला होता.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकली इंजेक्शनवर गेल्या. ही माहिती त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे.

इंजिन थंड असताना, मोकळ्या जागी, विडी-काडीपासून दूर बसा. पेट्रोल कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करा व पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर निम्मे निदान तिथेच झाले. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर आले. इथेनॉल ओल धरते. म्हणून महिनाभर उभी राहणाऱ्या गाडीची वाटी रिकामी करून ठेवावी.

एवढ्याने भागले नाही तर कार्ब्युरेटर उतरवा. त्याआधी एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे झाले ते कागदावर लिहा. वाटीत दोन पितळी जेट दिसतील. मोठा धावत्या गाडीचा, बारीक तो स्लोचा. तुंबतो बहुधा हाच. क्लीनर मारून हवेने फुंका, डोळे जपा. तार किंवा सुई मुळीच घालू नका. पितळ मऊ असते. भोक रुंदावले की गेलेले ॲव्हरेज जेट बदलल्याशिवाय परत येत नाही.

जोडणी झाल्यावर स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर आणा. एअर फिल्टर साफ हवा, इंजिन दहा मिनिटे चाललेले हवे. मग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. इंजिनाचा वेग सर्वांत जास्त होईल तिथे थांबा आणि वाढलेली रेस दुसऱ्या, आयडलिंगच्या स्क्रूने कमी करा. चार-पाच किलोमीटर चालवून, इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहा. बिस्किटी रंग ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. इंजिन तापून पिस्टन खराब होण्याची भीती, त्यामुळे अशी गाडी ओझे लादून हाकू नका.

वाटीच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटच्या सुईत कचरा अडकला आहे किंवा सुई झिजली आहे. गाडी चालू न करता कॉक बंद ठेवून मिस्त्रीकडे ढकलत न्या.