केवळ एकांनी लिहिलेल्या संख्या

पाटीवर १, ११, १११, ११११ अशा संख्या ओळीने लिहीत जावे. ज्यांत एकाशिवाय दुसरा अंक नाही, अशा या संख्यांना येथे ‘एकमय संख्या’ म्हणू. त्यांना २ ने किंवा ५ ने भाग जात नाही, हे शेवटच्या अंकावरूनच उघड आहे. पण ९७ ने भाग जाईल अशी एकमय संख्या असेल काय? शोधू लागल्यास पाटी अपुरी पडेल. तरीही ती आहेच, हे भागाकार न करता सिद्ध करता येते.

प्रथम ७ घेऊ. प्रत्येक एकमय संख्येस १० ने गुणून १ मिळविला की पुढची मिळते. म्हणून केवळ बाकीवर हीच क्रिया करीत गेले तरी पुरे. बाक्या अशा येतात : १, ४, ६, ५, २, ०. सहाव्या पायरीस बाकी सरली; १,११,१११ = ७ × १५,८७३. (देवळालीचे गणितप्रेमी शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या डेमलो संख्यांत या संख्येचा वर्ग १२३४५६५४३२१ येतो. त्यास अर्थातच ४९ ने भाग जातो.)

आता २ व ५ वगळून कोणतीही मूळसंख्या भाजक धरा. ९७ ने भागता बाक्या ० ते ९६, म्हणजे ९७ प्रकारच्याच संभवतात. ९८ एकमय संख्या घेतल्यास निदान दोहोंची बाकी सारखी येणारच. त्यांच्या वजाबाकीस ९७ ने निःशेष भाग जाईल. ही वजाबाकी आरंभी एक व शेवटी शून्ये अशी असते; जसे, ११,१११ − ११ = ११,१००. शून्ये म्हणजे १० चे गुणक. त्यांत ९७ हा अवयव नाही. तेव्हा उरलेल्या एकमय संख्येसच ९७ ने भाग गेला पाहिजे.

किती एक लागतील, हे मात्र या युक्तिवादाने कळत नाही. ते आवर्ती दशांशावरून कळते. १/४१ = ०·०२४३९०२४३९…; आवर्तन पाच अंकांचे, आणि ११,१११ = ४१ × २७१. कारण आवर्तनाचा संबंध ९९,९९९ शी असतो व ती ११,१११ ची नऊपट आहे. त्या नवामुळे एकटा ३ फसवितो : १/३ चे आवर्तन एका अंकाचे, पण एक लागतात तीन.

फर्मा यांनी १६४० साली मांडलेल्या सिद्धान्तावरून, ३ सोडता, ही अंकसंख्या भाजकाहून एकाने लहान असलेल्या संख्येस निःशेष भागते. १३ ला १२ पैकी सहाच एक पुरतात. १७ ला पुरे सोळा लागतात आणि ९७ ला शहाण्णव. असे पुरेपूर एक मागणारे भाजक अनंत आहेत, असा तर्क आर्टिन यांच्या १९२७ सालच्या अनुमानातून निघतो; तो अद्याप सिद्ध झालेला नाही.