बारा वाढपी आणि मोठी पंगत



संगणकाची मेमरी अपुरी पडली की आणखी विकत घ्यावी, हा सर्वांना सुचणारा उपाय. परंतु खर्चाआधी हिशेब करावा, हा धडा मला मागील वर्षी मिळाला. तोच येथे मांडतो.

मासिकाचे जुने मराठी-कन्नड अंक आम्ही एका लहान सर्व्हरवर ठेवले होते. त्याची मेमरी 1 जीबी, म्हणजे 1024 एमबी. एरवी दिवसाकाठी वाचक मोजकेच. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मात्र माजी विद्यार्थ्यांनी मोबाईलवर एकदमच अंक उघडले आणि दहा मिनिटांत सर्व्हर बंद पडला. चाळीस वर्षांपूर्वी छापलेली आपली कविता नातीला दाखवायला आलेल्या एक बाई कोरा पडदा पाहून परत गेल्या. सर्व्हरची मांडणी माझी होती, चूकही माझीच.

प्रथम संशय आला लिपींवर. यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो. देवनागरी आणि कन्नड चिन्हांना प्रत्येकी 3. पण अडीच हजार चिन्हांचे पान धरले तरी साडेसात हजार बाइट झाले. एवढ्याने 1 जीबी भरत नाही. दोन्ही भाषा निर्दोष ठरल्या.

खरे कारण निराळे होते. अपाचे सर्व्हरच्या 'प्रीफोर्क' पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया लागते. पंगतीत प्रत्येक पानामागे एक वाढपी उभा करावा आणि प्रत्येकाच्या हाती भात, आमटी, भाजी असा सगळा सरंजाम द्यावा, तसाच हा प्रकार. कोणी नुसते पाणी मागितले तरी सरंजाम हातात आहेच! येथे सरंजाम म्हणजे पीएचपी. सामायिक भाग वाटून मोजला तेव्हा एका प्रक्रियेचे वजन सुमारे 40 एमबी भरले. उबुंटूबरोबर आलेली कमाल मर्यादा होती 150. म्हणजे 6000 एमबी!

मेमरी संपली की यंत्रणा डिस्कचा आधार घेते. डिस्क मंद, म्हणून प्रत्येक काम लांबते, नवे वाचक साचतात, प्रक्रिया आणखी वाढतात. शेवटी लिनक्स मेमरी मोकळी करण्यासाठी एखादी जड प्रक्रिया मारून टाकते. आमच्याकडे बळी गेला तो डेटाबेसचा.

आता हिशेब पाहा. डेटाबेस आणि इतर कामांना 544 एमबी राखून ठेवले. उरले 480. भागिले 40, उत्तर 12. मर्यादा बारावर आणली. बाकीचे रांगेत थांबतील. टिळकवाडीत वाढलेल्यास रेल्वे फाटकाशी थांबणे काय असते ते सांगावे लागत नाही. थांबलेला माणूस उशिरा का होईना, घरी पोचतो.

बारा पुरतील का? एक पान तयार व्हायला 0.2 सेकंद लागत असतील, तर बारा प्रक्रिया सेकंदाला 60 पाने देतात. अडचण एवढीच, की पान दिल्यावरही 'हा आणखी काही मागेल' म्हणून वाढपी 5 सेकंद तिथेच उभा राहतो. तो काळ धरला तर हाच वेग सेकंदाला जेमतेम 2 वाचकांवर येतो! ती प्रतीक्षा आम्ही बंद केली.

तिसरा उपाय सर्वांत गुणकारी. जुना अंक बदलत नाही. मग दर वेळी डेटाबेसला विचारून पान नव्याने का घडवायचे? ती पाने एकदाच तयार करून साध्या फायलींत ठेवली आणि त्या वाढण्याचे काम एंजिन-एक्सकडे दिले. इगोर सिसोयेव यांनी 2004 साली खुल्या केलेल्या या सर्व्हरमध्ये एकच प्रक्रिया हजारो जोडण्या सांभाळते. येथे एकच वाढपी सबंध पंगतीत फिरतो.

यंदाच्या संमेलनात तोच 1 जीबीचा सर्व्हर दिवसभर चालला. मेमरीवर एक पैसाही खर्च झाला नाही. त्या बाईंचा पत्ता मात्र मी तेव्हा विचारून ठेवला नव्हता, याची रुखरुख आहे.

सारांश, आधी मोजावे, मग भागावे, आणि खरेदीचा विचार सर्वांत शेवटी करावा.